धुक्यात वाचता येईल असं

कुठे शिकलीस, विचारतोस.
कोपनहेगन म्हटलं की तुझं समाधान होईल.
तिथली चार वर्षं खरीच, फीच्या पावत्याही असतील कुठेतरी.
पण त्याच्या आधी मेंढ्यांचे कान होते.

आमच्या बेटांवर कुंपणं कमी, मेंढ्या फार,
म्हणून ज्याची त्याची खूण मेंढीच्या कानात कापतात.
डाव्याचं टोक उडवलेलं, उजव्याला मागून एक खाच,
किंवा दोन, किंवा खाचेखाली भोक.
ऑक्टोबरच्या धुक्यात हानुसआजोबा
वाड्याच्या तोंडाशी उभे राहायचे
आणि बघायचे नाहीतच.
कान चिमटीत धरून नुसता अंगठा फिरवायचे:
"ही पलीकडच्या उतारावरची. ही आपली.
ही चुकून आलीय, सोडा तिला."
मी सात वर्षांची, नाक गळतंय, हातात कंदील,
आणि कंदिलाचा कुणालाच उपयोग नाही.

अजूनही बोधचिन्ह काढून झालं
की ते मी पुठ्ठ्यात कापते, डोळे मिटते,
अंगठा फिरवते.
कळलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.
समोर बसलेले साहेबलोक चुळबुळतात. कॉफी गार होते.

रंग माझ्याकडे थोडेच आहेत.
भिंतींच्या डांबराचा काळा,
छपरावरच्या गवताचा हिरवा, जो मार्चमध्ये हिरवा नसतो,
वाऱ्यावर टांगून सुकवलेल्या मटणाचा एक, ज्याला नाव नाही,
आणि नारिंगी.
नारिंगी मी जपून वापरते.
आमच्याकडे नारिंगी दिसला
म्हणजे कुणीतरी पाण्यात आहे.

आणि आमचं ते एक अक्षर,
पाठीला बाक, मानेवर आडवा काप.
लिहितात सगळे, उच्चारत कुणीच नाही.
शाळेत पोरं रडतात त्याच्यापायी.
मग ठेवता कशाला, कोपनहेगनचे मास्तर म्हणाले.
तेव्हा मला उत्तर आलं नाही.
आता भित्तिपत्रकात निम्मी जागा कोरी सोडते
आणि लोक विचारतात, इथे काय यायचंय अजून,
तेव्हाही येत नाही.

वडील, तोर्किल, बोटींची नावं रंगवायचे.
क्लाक्सविकच्या धक्क्यावर, दोराला टांगलेल्या फळीवर बसून,
दुसरा कुंचला दातांत.
त्यांचा 'आर' एक पाय पुढे टाकून उभा असायचा,
बोटीतून उतरणाऱ्या माणसासारखा.

पहिल्या सुट्टीत मी घरी आले,
एकोणीस वर्षांची, बॅगेत स्टीलची फुटपट्टी.
त्यांचा हात थरथरायला लागला होता.
'रागनहिल'वरचं ताजं नाव मला बघवेना.
जूनची रात्र, आमच्याकडे तिला नीट काळोख धरता येत नाही.
मी फळीवर बसले.
अंतरं मोजली, पाय सरळ केला. सुरेख झालं.
सकाळी बाबा धक्क्यावर थांबले, पाइप पेटवला,
आणि पाऊस येणार म्हणाले.

आठवड्याने बंदराच्या रेडिओवर एलिंदुरचा आवाज:
"आत्ता बाजूने एक बोट गेली. कुणाची ही?"
रागनहिल, रागनहिलवरून कुणीतरी ओरडलं.
नुसती खरखर.
"छे. रागनहिलचं नाव तोर्किलने लिहिलंय,
मी ओळखत नाही होय?"

आजोबा मेंढ्यांच्या कानांत लिहायचे.
त्या दिवशी मी माझ्या कानाला खडा लावला.

बाबांनी नाव पुन्हा रंगवलं. पैसे घेतले नाहीत.
या खेपेला पाय जरा जास्तच वाकडा;
मला वाटतं, मुद्दाम.
फळीचा दोर मी धरून होते. दोन तास.
खांदा अजून दुखतो थंडीत.

फुटपट्टी आहे ना, ती बघ, खिडकीत.
वारा सुटला की खिडकी आपटू नये म्हणून.
तर लिही, कोपनहेगन.
तेही खोटं नाही.